ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात गाडीत कुठलं ऑइल टाकावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हाला कळेल. गाडी २०१९ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ५८ हजार किलोमीटर झालेली. रोज लष्कर भागातून मालनपूरला कंपनीत जाणं-येणं, संध्याकाळी महाराज बाडा चौकाच्या गर्दीत एसी लावून रांगणं, आणि मे महिन्यात घरच्यांना घेऊन पुण्याची वारी. पुस्तिकेत ऑइल ०डब्ल्यू-२० लिहिलंय, तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३०लाही परवानगी आहे. मिस्त्री म्हणतो, "साहब, ये तो पानी है, अपने यहाँ की गर्मी में बीस-पचास डालो." त्याच्या सांगण्यावरून तुम्ही २०डब्ल्यू-५०चा डबा आणून ठेवलात आणि आता मन धजत नाही.

डब्याचं सील फोडलं नसेल तर फोडू नका. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

माझं गॅरेज याच शहरात आहे आणि एप्रिल लागला की हाच प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच. मिस्त्रीला मूर्खात काढू नका. ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, त्याने अँबॅसॅडर, पद्मिनी आणि मारुती ८०० खोलल्या. त्या इंजिनांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०च पडायचं आणि ते बरोबरही होतं, कारण बेअरिंगच्या फटी मोठ्या होत्या आणि पातळ ऑइल सीलमधून झिरपायचं. सल्ला खरा होता, फक्त तो तुमच्या इंजिनासाठी नव्हता.

आता मुद्दा. बाहेर ४६ अंश आहे म्हणून इंजिनातलं ऑइलही त्याच हिशोबाने तापतं, असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही. इंजिनात थर्मोस्टॅट असतो. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान कुठेतरी उघडायला लागतो आणि मगच कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जातं. त्यामुळे जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी पारा चारवर असो की मेअखेरच्या नौतप्यात शेहेचाळीसवर, गाडी थोडी चालली की कूलंट नव्वदीच्या आसपास येऊन स्थिरावतं. ऑइल त्याहून जरा वर, साध्या चालवण्यात ९५ ते ११० अंश. बाहेरच्या उन्हाने त्यात काही अंशांची भर पडते, पण हिवाळा आणि उन्हाळा यांच्यातला चाळीस अंशांचा फरक जसाच्या तसा ऑइलपर्यंत पोचत नाही.

याचा दुसरा अर्थ असा की तुमच्या इंजिनाच्या दृष्टीने आपला मे महिनाही थंडच असतो. आकडे बघा. ऑइलचा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. साधारण ०डब्ल्यू-२० ऑइल १०० अंशांवर ८ सेंटीस्टोकच्या आसपास असतं, आणि तुमचं इंजिन त्या आकड्यासाठी बनवलंय. तेच ऑइल ४० अंशांवर ४० ते ४५ असतं, म्हणजे भर उन्हाळ्यात सावलीतल्या गाडीला स्टार्टर मारताना ते चालू इंजिनातल्यापेक्षा पाचपट जाड आहे. २०डब्ल्यू-५० ४० अंशांवर १६०-१७०च्या घरात जातं. आणि जानेवारीत ५ अंशांना ०डब्ल्यू-२० अडीचशेच्या जवळपास असतं, तर २०डब्ल्यू-५० हजाराच्या बरंच पुढे. मिस्त्री ज्याला पाणी म्हणतो त्याचा हा हिशोब. खरं पाणी साध्या तापमानाला १ सेंटीस्टोक असतं.

डब्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला, म्हणजे डब्ल्यूच्या आधीचा, कडाक्याच्या थंडीतला आहे. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३०वर, १५डब्ल्यूची उणे २०वर. ग्वाल्हेरला याचं थेट काही पडलेलं नाही. तरी सकाळी पहिल्या सेल्फला ऑइल वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यापर्यंत, लवकर पोचावं म्हणून पहिला आकडा लहान असलेला बरा. तुम्ही डोकं लावायचं ते दुसऱ्या आकड्यात, २०, ३०, ४०, ५०. हा गरम इंजिनातला घट्टपणा.

मग जाडच टाकलं तर बिघडतं काय? "इंजन की आवाज़ कम हो गई" हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, हे मी रोज बघतो. टॅपेटचा आवाज जाड ऑइलने दबतो, खरं आहे. पण ऑइल पंपाला एक रिलीफ व्हॉल्व असतो. ऑइल जाड असलं की प्रेशर वाढतं, व्हॉल्व उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी मागल्या मागे परत फिरतं. प्रेशर जास्त, पुरवठा कमी. फिल्टरलाही बायपास व्हॉल्व असतो. जाड थंड ऑइल फिल्टरच्या कागदातून वेळेवर जाईना की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. शिवाय तुमच्या इंजिनात व्हीव्हीटी आहे, म्हणजे कॅमशाफ्टचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरवर पुढे-मागे होतं. टायमिंग चेनचा टेन्शनरही ऑइलवरच. हे सगळं पातळ ऑइल धरून आखलेलं असतं. चुकीच्या ऑइलवर गाडी लगेच बंद पडणार नाही. ती चालत राहते, आणि म्हणूनच मिस्त्रीचा सल्ला बरोबर वाटत राहतो. अॅव्हरेज थोडं पडतं, पिकअप जरा सुस्त होतो, आणि थंड इंजिनावरची झीज दिसत नाही.

एवढं सांगून मी "पुस्तिकेत लिहिलंय तेच टाका" म्हणून मोकळा होणार नाही, कारण तुमची पुण्याची वारी वेगळी गोष्ट आहे.

मे महिना, पाच माणसं, टपावर कॅरियर, एसी पूर्ण. शिवपुरी, गुना करत इंदूर, पुढे आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधव्यापर्यंत. त्यानंतर बिजासनचा घाट, जो परतताना चढायचा असतो. तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या मागे, हवा कमी आणि भार जास्त. इथे ऑइल खरोखर तापतं, १२०च्या पुढेही जाऊ शकतं. त्यातही बेअरिंगच्या आत, जिथे ऑइलचा पडदा केसाहून बारीक असतो, तिथलं तापमान चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतल्या, ऑइलपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून ऑइलची आणखी एक चाचणी होते, १५० अंशांवर आणि जोराने घासत. तिला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला या चाचणीत किमान २.६ आकडा लागतो, ३०ला २.९, ४०ला ग्रेडप्रमाणे ३.५ किंवा ३.७. गरम देशातल्या माणसाने ऑइलमध्ये काही बघायचं असेल तर हा आकडा बघावा. तो डब्यावर छापलेला नसतो, पण ऑइल कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा मिळतो.

तर तुमच्यापुरतं माझं उत्तर: पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलंय ना? मग ५डब्ल्यू-३० टाका, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेलं. शहरातल्या शहरात आणि मालनपूरपर्यंतच गाडी फिरली असती तर मी ०डब्ल्यू-२० वरच ठेवलं असतं आणि उन्हाची काळजी केली नसती. घाट, भार आणि सलग हजाराच्या वर किलोमीटर, यासाठी एक पायरी वर जायला हरकत नाही. पायरी एकच, आणि पुस्तिकेच्या तक्त्याच्या आत. गाडी वॉरंटीत असती तर तक्त्याबाहेर जायचा विचारसुद्धा करू नका म्हटलं असतं.

५डब्ल्यू-४० कधी? इंजिन ऑइल खायला लागलं असेल, किंवा गरम इंजिन आयडलवर असताना प्रेशर मोजल्यावर कमी येत असेल, तेव्हा. ५८ हजारांवर तुमच्या गाडीला ती वेळ आलेली नसावी. लेव्हल किती उतरते ते तीन-चार महिने बघा, मग बोलू.

आता मला जे जास्त महत्त्वाचं वाटतं ते. ग्वाल्हेरचा उन्हाळा ऑइलच्या ग्रेडला जेवढा त्रास देतो त्याहून कितीतरी जास्त त्रास ऑइलच्या आयुष्याला देतो. ऑइलचं ऑक्सिडेशन तापमानाबरोबर वाढतं. जाणकारांचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना वेग दुप्पट. वर आपल्याकडची धूळ, आणि बाड्यावरचं रांगणं. मीटर किलोमीटर मोजतो, इंजिन तास मोजतं. तासभर आयडलिंग म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर धरायची पद्धत आहे. तुमच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा वर्षाचा हिशोब मांडा, मीटरवर न दिसणारे काही हजार किलोमीटर निघतील.

पुस्तिकेत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. तेवढंच वाचून लोक पुस्तिका मिटतात. पुढच्या पानावर कठीण परिस्थितीचं वेगळं वेळापत्रक असतं: धूळ, लहान फेऱ्या, गर्दी, फार आयडलिंग. काही पुस्तिकांत तर ३२ अंशांच्या वर गर्दीत चालणारी गाडी असा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे ३२च्या वर पारा मार्च ते ऑक्टोबर असतो. म्हणजे बहुतेक ग्वाल्हेरकर ज्याला नेहमीचं चालवणं समजतात ते कंपनीच्या लेखी कठीण आहे. तुम्हाला मी ७ हजार किंवा नऊ महिने सांगेन, जे आधी होईल ते. फिल्टर दर वेळी नवा, चेंबरच्या नटाचा वॉशरही नवा. तो वॉशर काही रुपयांचा असतो आणि तोच वाचवतात.

एकदा एका गाडीचा चेंबर उतरवला होता. तक्रार होती की गरम झाल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. गिऱ्हाइकाने महागातलं सिंथेटिक टाकलेलं, ग्रेडही बरोबर, बिलं दाखवली. पण दोन बिलांत अडीच वर्षांचं अंतर. पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते ती काळ्या जेलीने भरली होती. बोटाने खरवडली की मेणासारखी गुठळी निघत होती आणि मधल्या एका कोपऱ्यात तेवढी जाळी दिसत होती. त्या उरलेल्या भोकांतून इंजिन ऑइल ओढत होतं. असं इंजिन वाचवायला कुठलीही ग्रेड पुरत नाही.

त्या दिव्याचं सांगूनच टाकतो, कारण गैरसमज फार आहे. किटलीचं चित्र असलेला लाल दिवा सहसा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो. तो पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. चालत्या गाडीत पेटला तर पुढच्या पंपापर्यंत नेऊ नका, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. लेव्हल बघायची ती डिपस्टिकने. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काठी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं. वरच्या खुणेच्या वर नको. तुमच्या इंजिनात साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसत असेल, नेमका आकडा पुस्तिकेत आहे. डबा मिळतो तो चार लिटरचाही असतो, आणि "पैसे दिये हैं तो पूरा डाल दो" म्हणून अख्खा ओतला जातो. जास्त झालेलं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळते, फेस होतो, आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. उरलेलं घरी आणा, टॉपअपला ठेवा.

आणि गाडी तापत असेल तर दोष ऑइलमध्ये शोधू नका. आधी रेडिएटर बघा. एसीचा कंडेन्सर त्याच्या पुढे असतो आणि दोघांच्या जाळ्यांमध्ये आपल्याकडची माती आणि किडे घट्ट बसतात. पाण्याने हलक्या हाताने धुवा, प्रेशर वॉशरने जवळून मारलं तर पाती वाकतात. कूलंट पूर्ण कूलंट आहे की वरून नळाचं पाणी भरत गेलंय, ते तपासा. पंखा दोन्ही स्पीडला चालतोय का ते बघा. आणि मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का? उन्हाळ्यात "वॉल निकाल दिया, अब गरम नहीं होगी" हा उपाय इथे सर्रास होतो. तो काढला की डिसेंबर-जानेवारीत इंजिन पुरेसं तापतच नाही, पेट्रोल नीट जळत नाही, थोडं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते, आणि नवं ऑइल वेळेआधी खराब होतं. थर्मोस्टॅट अडकत असेल तर नवा टाकावा. महाग वस्तू नाही.

तुमची गाडी साधी पेट्रोल आहे म्हणून वरचं सगळं लागू. हेच वाचून टर्बो पेट्रोल किंवा डिझेलवाल्यांनी तसंच करू नये. टर्बो पेट्रोलला एसपी दर्जा सोडून खाली जाऊ नये, कारण कमी आरपीएमला जोर लावताना होणारं अवेळी ज्वलन आवरण्याची चाचणी त्यात आहे, आणि हायवेवरून उतरून लगेच चावी बंद न करता अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवावं. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइलच हवं, पुस्तिकेत सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं. ट्रकचं स्वस्त डिझेल ऑइल टाकलं तर डीपीएफ चोंदतो आणि मग जो खर्च येतो तो ऐकवत नाही. सीएनजीवाल्यांचं ऑइल काजळी नसल्यामुळे स्वच्छ दिसतं, म्हणून ते जास्त चालवतात. रंगावर जाऊ नका, ते न काळवंडता आतून घट्ट होत जातं.

ब्रँडचं विचाराल तर सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल, यांत दर्जा आणि ग्रेड तीच असेल तर मी फरक करत नाही. नकली मालाला मात्र घाबरतो. बाजारात दोन-तीनशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. पेट्रोल पंप किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, पक्कं बिल मागा, झाकणाची कडी तुमच्यासमोर तुटू द्या, आणि रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडण्याआधी त्याला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. अख्खा डबा भंगारवाल्याकडून कुठे जातो ते सांगायला नको. ऑइलसोबत "इंजन ट्रीटमेंट"ची बाटली गळ्यात मारायला बघतील, नको म्हणा. फ्लशचीही तुमच्या गाडीला गरज दिसत नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, धातू तपकिरी-सोनेरी दिसला तर सगळं ठीक आहे.

राहिला तो डबा. सील शाबूत आणि बिल असेल तर दुकानदार बहुधा बदलून देईल, ५डब्ल्यू-३० घ्या आणि वरचे पैसे भरा. नाहीच घेतला तर कुणाकडे जुनी ८०० किंवा ओम्नी असेल आणि तिच्या पुस्तिकेत ही ग्रेड असेल तर त्यांना द्या. गिअरच्या बाइकमध्ये मात्र ओतू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि त्याला डब्यावर जासो एमए हा बाइकचा दर्जा लिहिलेलं ऑइल लागतं, नाहीतर क्लच घसरतो. पुण्याला निघण्याच्या आठवडाभर आधी ऑइल बदला, निघायच्या आदल्या दिवशी नको. म्हणजे नट किंवा फिल्टर कुठे पाझरत असेल तर ते घरच्या फरशीवर कळेल, घाटात नाही.